बत्तिसावी खोली

नाही, सुतळीचं काही नाही हो, सुतळी देऊन देतो माणूस, पण विटा? आईच्या गुलाबाच्या कुंड्यांखालच्या सहा विटा काढून नेल्या, कुंड्या आल्या जमिनीवर, आई आली अंगणात, आणि मी स्कूटरवर पायाशी विटांचं पोतं घेऊन चाललो रिछाईकडे, तेही फॅक्टरीतून सुटी टाकून... आता सुटीच्या अर्जात कारण काय लिहू मी? पत्नीला गोल काढायचा आहे? आमचे साहेब म्हणाले, "गुणवंत जी, घर पे सब ठीक है ना?" म्हटलं, सब ठीक है सर. घरात पॅटर्न आला आहे.

हे पॅटर्न काय, ते तुम्हाला सांगतो. आमची हर्षा, माझी बायको, इथं विहारात तुमच्या पोरांना गाणी शिकवते ती, रिछाईकडच्या एका खाजगी शाळेत पाचवीला गणित शिकवते. शाळा हिंदी, पोरं हिंदी, मॅडम लोक हिंदी, घरी आली की तेवढी मराठी, तीही अर्धी. तर पाचवीला एक धडा आहे पॅटर्नचा. आकडे असतात, आकृत्या असतात, एकामागून एक येतात, त्यांच्यातला नियम ओळखायचा आणि सांगायचं, आगे क्या आएगा? बस. लाल मणी, पिवळा मणी, लाल मणी, पिवळा मणी, आगे क्या आएगा? दोन, चार, सहा, आगे क्या आएगा? सोपं आहे ना? मलाही सोपं वाटलं होतं. आता नाही वाटत.

कारण हर्षाला एकदा एखादी गोष्ट लागली, की ती शाळेच्या फाटकाजवळ थांबत नाही, सोबत घरी येते. मी जेवायला बसलो, पोळी-भाजी, पोळी-भाजी, आणि मधेच वरणाची वाटी उचलली, तर समोरून आवाज, "थांबा ना, नियम मोडला तुम्ही." अरे बापा, भूक लागली आहे, नियम कशाचा? आई मटार सोलून राहिली उन्हात बसून. जानेवारी महिना, जबलपूरचा मटार, घरोघरी तेच. हर्षा जाऊन बसली तिच्याजवळ. पहिल्या शेंगेत सात, दुसरीत आठ, तिसरीत पुन्हा सात. "आई, आगे क्या आएगा?" आईचं नाव कुसुमबाई, तिला हिंदी येते पण ती देत नाही उत्तर हिंदीत. म्हणाली, "जितके आले तितके येईन व. तू सोलाले बसली का मोजाले?"

आई चिडली, मी चिडलो, पण खोटं कशाला बोलू, माझंही डोकं फिरलंच. सिविल लाइंसमधून स्कूटर नेतो मी रोज, किती वर्षं झाली, कधी पाहिलं नव्हतं की एका बंगल्याच्या कुंपणाला खांब आहेत, उंच, बुटका, बुटका, उंच, बुटका, बुटका... ते पाहात पाहात माझं वळण मागं राहून गेलं. आणि वर्गातल्या पोरांचं तर विचारूच नका. एक पोरगा बंटी म्हणून आहे, तो आजीनं विणलेला स्वेटर अंगातून काढून टेबलावर ठेवून मोकळा, "मैडम जी, दो सीधे, दो उल्टे, दो सीधे, दो उल्टे." थंडीनं दात वाजून राहिले पोराचे, पण स्वेटर घालायला तयार नाही, नियम लपतो म्हणे. ज्या पोरांना गणिताच्या तासाला पोटात दुखायचं, ती पोरं मधल्या सुटीत फरश्या मोजून राहिली. हर्षा मला सांगायची आणि सांगता सांगता थांबायची. म्हणायची, "त्यांना वाटतं की जगात सगळीकडे कोणीतरी काहीतरी लिहून ठेवलं आहे, आणि ते आपल्याला वाचता येऊन राहिलं." आता यावर नवऱ्यानं काय बोलावं? मी म्हटलं, चहा घेते का?

पण एक अडचण होती. हर्षा त्या शाळेत कच्ची. म्हणजे दर वर्षी उन्हाळा आला, की ठेवायचं का नाही ते वरचे ठरवणार, आणि दर उन्हाळ्यात, निर्णय कळेपर्यंत, आमच्या घरात कोणी पंख्याचा आवाजही मोठा होऊ देत नाही. या वर्षी नवीन प्राचार्या आल्या, रश्मी मॅडम. शाल अशी घट्ट, बोलणं असं मोजून. त्यांनी हर्षाला बोलावलं आणि म्हणाल्या, "हर्षा जी, शनिवार को पेरेंट्स आएँगे, समिति से अनुपम जी आएँगे. कुछ ऐसा कीजिए कि सब देखते रह जाएँ. फिर आपका भी तय कर देते हैं." कळलं ना? त्या एका तासावर सगळं.

तर हर्षानं काय करावं? तिनं आईची बांगडी मागितली. फरशीवर कागद, कागदावर बांगडी, पेन्सिल फिरवली, गोल झाला. गोलाच्या कडेवर दोन ठिपके दिले आणि रेघेनं जोडले. गोलाचे दोन तुकडे, म्हणजे दोन खोल्या झाल्या, असं समजा. दुसरा गोल. तीन ठिपके, प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडलं. मोजल्या खोल्या, चार. तिसरा गोल, चार ठिपके, मोजल्या, आठ. मग पाच ठिपके. आता रेघाच रेघा, खोल्या लहान लहान, कोपऱ्यांच्या, निमुळत्या, मधोमध एक पाच बाजूंची. तिनं एकेका खोलीत मटाराचा दाणा ठेवत मोजलं. सोळा.

दोन, चार, आठ, सोळा. तुम्हाला सांगतो, मी हातातला कप खाली ठेवला. आता पाहा, कागद आपला, बांगडी आईची, ठिपके हर्षानं मनाला येईल तिथं दिलेले, आणि खोल्या दर वेळी बरोबर दुप्पट? त्या गोलाला कोणी सांगितलं होतं? आईसुद्धा मटार सोडून वाकून पाहून राहिली. हर्षानं आमच्याकडं पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "आगे क्या आएगा?"

मी म्हटलं, बत्तीस. आई म्हणाली, "बत्तीस. मलेही समजते तेवढं."

आणि तिथं हर्षाच्या डोळ्यांत पाणी. म्हटलं, काय झालं? तर म्हणाली, "वर्गात मुलं अडतीस आहेत. सहा ठिपक्यांवर सहा उभे करायचे. राहिले किती?" राहिले बत्तीस. बत्तीस पोरं, बत्तीस खोल्या. शाळेच्या मैदानात मोठा गोल काढायचा, ठिपक्याच्या जागी वीट, रेघेच्या जागी सुतळी, आणि शेवटी सगळ्या पालकांसमोर वर्गातलं एकेक पोर आपापल्या खोलीत उभं. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. तिला वाटलं, हे जगानं आपल्यासाठीच जमवून ठेवलं होतं. मलाही तसंच वाटलं, सांगतो ना. सहा ठिपक्यांचा गोल काही तिनं काढून पाहिला नाही. बांगडीत तेवढ्या रेघा मावतही नव्हत्या, आणि दर वेळी दुप्पट झालं, तर... म्हणजे एक ठिपका असला तर एक खोली, तेही धरा... पाच वेळा नियम खरा निघाला, तर सहाव्यांदा कोण तपासतो? तुम्ही तपासता?

तर शनिवार. ऊन असं छान पडलेलं, पालक खुर्च्यांवर, रश्मी मॅडम पुढं, बाजूला समितीचे अनुपम जी गळ्यात मफलर घालून. मैदानावर चुन्यानं काढलेला भल्ला मोठा गोल. आणि मी कोण? मी सुतळीवाला. दोन विटा ठेवल्या, सुतळी बांधली, दोन पोरं दोन खोल्यांत. हर्षानं हात वर केला. "आगे क्या आएगा?" तीन विटा, चार खोल्या. चार विटा, आठ. आता पोरं ओरडायला लागली होती. पाच विटा, पोरं धावत धावत खोल्या शोधून राहिली, पाय सुतळीला न लागू देता, आणि भरली एकेक खोली, सोळा. टाळ्या पडल्या. अनुपम जी पुढं सरकून बसले. "आगे क्या आएगा?" आणि आता पोरंच नाही, पालक, चपराशी, शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर, भिंतीपलीकडं कपडे वाळत घालणारी एक बाई, सगळे एका आवाजात, बत्तीस.

मी सहावी वीट ठेवली. अगदी मापात ठेवली हो, फॅक्टरीचा माणूस आहे, सगळ्या विटांमध्ये सारखं अंतर. सुतळ्या बांधल्या, सगळ्या मिळून पंधरा. विटांवर सहा पोरं बसली, बाकीची शिरली खोल्यांत. हळूहळू सगळं भरत आलं, भरलं... आणि गोलाच्या बाहेर दोघं उभी. बंटी आणि एकता.

ही एकता वर्गाची मॉनिटर. सराफ्यात तिच्या आजोबांचं दुकान आहे, आणि पोरगी अशी की खडू नखभर लहान दिला तरी तिला समजते. ती गोलाभोवती एक चक्कर मारून आली. एकेक खोली पाहिली. सगळ्या भरलेल्या. मग हर्षासमोर येऊन उभी राहिली आणि सरळ विचारलं, "मैडम जी, मेरा कमरा कहाँ है?"

हर्षानं मोजलं. तीस. पुन्हा मोजलं. तीस. दोन पोरं एका खोलीत घुसली असतील म्हणून पाहिलं, नव्हती. कुठली खोली रिकामी असेल म्हणून पाहिलं, नव्हती. तिनं नंतर सांगितलं मला, कानात फक्त सीटी वाजून राहिली होती, आणि डोळ्यांसमोर सारखा तो उन्हाळा येऊन राहिला होता, पंखा हळू लावायचा तो.

रश्मी मॅडम उठून जवळ आल्या, ओठ न हलवता म्हणाल्या, "दोनों को कहीं एडजस्ट कर दीजिए." आणि अनुपम जी, माणूस चांगला आहे, मदत म्हणूनच बोलले, खुर्चीवरूनच, "अरे मैडम, एक सुतली और डाल दीजिए कहीं भी, कमरे बढ़ जाएँगे, बात खतम." पालक हसले. खरंच होतं ना ते, एक सुतळी इकडून तिकडं टाकली की झाल्या खोल्या बत्तीस, झाल्या टाळ्या, झाली नोकरी. सुतळीचा उरलेला तुकडा माझ्या हातातच होता. हर्षानं त्या तुकड्याकडं पाहिलं. मग एकताकडं पाहिलं. एकता उत्तराची वाट पाहून राहिली होती, नुसती वाट पाहून राहिली होती, आणि ती काही कोणाला चुकीचं ठरवायला उभी नव्हती, तिला खरंच आपली खोली पाहिजे होती.

हर्षा म्हणाली, "नहीं सर. वो सुतली झूठी होगी. वो किसी ईंट से नहीं आती."

"तो फिर बत्तीस क्यों नहीं आया, मैडम जी?" एकतानं विचारलं.

आणि हर्षा सगळ्यांसमोर, समितीसमोर, प्राचार्यांसमोर म्हणाली, "मुझे नहीं मालूम."

आता तुम्ही म्हणाल, इथं संपलं. मलाही वाटलं संपलं, मी सुतळी गुंडाळायला घेतली. पण तुम्ही त्या पोरांचे चेहरे पाहायला पाहिजे होते. मॅडमला नाही माहीत. म्हणजे हे पुस्तकात मागच्या पानावर छापलेलं नाही, म्हणजे हे आत्ता, इथं, आपल्याला शोधायचं आहे. सुटी मिळाल्यावर पोरं खुश होतात ते मी पाहिलं आहे, शाळा मिळाल्यावर खुश होतात ते त्या दिवशी पाहिलं. हर्षा म्हणाली, "चलो, अपन मिलके देखते हैं," आणि चप्पल काढून गोलात उतरली.

एकता तिच्या मागं. मधोमध गेल्या दोघी. तिथं तीन सुतळ्या एकाच जागी एकमेकींवरून जात होत्या, माझी मापाची करामत, सगळं अंतर सारखं ठेवलेलं ना. एकता उकिडवी बसली, पाहिलं, आणि म्हणाली, "मैडम जी, यहाँ तीनों चढ़ी हुई हैं एक के ऊपर एक. एक को सरका दें तो?" बंटी धावला, एका विटेवरच्या पोराला उठवलं, वीट वीतभर सरकवली... आणि तुम्हाला सांगतो, मधोमध, जिथं नुसती गाठ दिसत होती, तिथं सुतळ्या एकमेकींपासून सुटल्या आणि एक लहानशी तीन कोपऱ्यांची खोली उघडली. नव्हती हो, मघाशी नव्हती. जमीन तीच, सुतळ्या त्याच, आणि खोली नवीन. सगळ्या मैदानाच्या तोंडून एक लांब श्वास निघाला, बस. बंटी कोणाला न विचारता तिच्यात जाऊन उभा राहिला, एका पायावर, कारण दुसऱ्याला जागाच नव्हती.

एकतीस.

आता कोण बसते खुर्चीवर? एक वीट सरकवली तर एक खोली निघाली, आणखी सरकवली की एकताचीही निघेल, हिशेब सरळ होता. पालक आले उठून. अनुपम जींनी मफलर काढून खुर्चीला बांधला आणि पँटला चुना लावून घेत विटेजवळ बसले. रश्मी मॅडम, शाल सांभाळत, "थोड़ा बाएँ, अनुपम जी, थोड़ा और." ही वीट तिकडं, ती इकडं. खोल्या लहान होत, मोठ्या होत, बंटीची खोली फुगत गेली, मग दोन्ही पाय मावायला लागले, मग बारीक बारीक होत मिटून गेली आणि सुतळ्यांच्या दुसऱ्या बाजूनं पुन्हा उघडली, आणि बंटी उडी मारून तिकडं. दर वेळी एकता बाहेरून मोजे. एकतीस. एकदा तीस झाल्या, तेव्हा तिन्ही सुतळ्या पुन्हा एकमेकींवर चढल्या होत्या. पुन्हा एकतीस. कसंही करा, कुठूनही आणा, बत्तीस नाही.

मग एक वेळ अशी आली, की कोणी काही सरकवलं नाही. कोणी थांबा म्हटलं नव्हतं, सगळे आपोआप थांबले. ऊन वर आलं होतं, सुतळ्यांच्या सावल्या जमिनीवर पडल्या होत्या, आणि प्रत्येक खोलीत एकेक पोर, आपल्याच पायाकडं पाहात. सांगतो ना, मी देवबिव मानणारा माणूस नाही, पण माझ्या अंगावर काटा आला. आपण सगळ्यांनी एका आवाजात सांगितलं होतं त्या गोलाला, बत्तीस. पाच वेळा त्यानं आपलं ऐकलं. सहाव्यांदा ऐकलं नाही. रागानं नाही, मोठ्यानं नाही, खूप फरकानं पण नाही. फक्त एक खोली कमी. त्याला आपल्या टाळ्यांचं काय? त्याचं काहीतरी वेगळंच चाललं होतं पहिल्यापासून, आणि आपण त्याला दुप्पट दुप्पट म्हणून राहिलो होतो. आगे क्या आएगा? त्या वेळी तिथं उभं राहिलेल्यांपैकी एकालाही माहीत नव्हतं, आणि कोणाला त्याचं वाईटही वाटून राहिलं नव्हतं.

हर्षानं एकताच्या खांद्यावर हात ठेवला. विचारलं, "बुरा लगा? कमरा नहीं मिला तुझे."

एकता म्हणाली, "नहीं मैडम जी. अंदर वालों को क्या दिख रहा है? गिन तो मैं रही हूँ."

घंटी झाली, पालक गेले, रश्मी मॅडम सरळ ऑफिसात गेल्या. परत येताना हर्षा स्कूटरवर मागं, विटांचं पोतं आता तिच्या मांडीवर. सिविल लाइंस आली, कुंपण आलं, खांब आले, तिनं पाहिलंसुद्धा नाही. घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय झालं व?" तर म्हणाली, "गेली, आई. नोकरी गेली समजा." आई तिच्याजवळ बसली, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. पाच मिनिटं गेली असतील नसतील. मला वाटलं रडून राहिली. पाहतो तर बोटानं फरशीवर गोल काढून राहिली. "पण अहो," म्हणते, "एकतीस काहून?"

नोकरी गेली ती गेली, हिला एकतीस काहून ते पाहिजे. मी काय करू? मी खाट उभी केली, खोली मोकळी करून दिली.

रविवारी सकाळी तिनं फरशीवर खडूनं गोल काढला, आणि या वेळी सगळ्या सुतळ्या एकदम नाही टाकल्या. एक टाकली, थांबली, पाहिलं. दुसरी टाकली, थांबली, पाहिलं. आई म्हणाली, भाजी टाकल्यासारखं काय करून राहिली, टाक ना सगळं एकदम. पण ते हळू टाकण्यातच होतं. सुतळी आडवी पडली आणि कोणाला न ओलांडता गेली, तर एक खोली वाढते. एका सुतळीला ओलांडलं, तर आणखी एक. दोन जागी ओलांडलं, तर आणखी दोन. म्हणजे कसं, सुरुवातीला सगळा गोल मिळून एक खोली. मग जितक्या सुतळ्या तितक्या खोल्या, आणि जितक्या जागी दोन सुतळ्या एकमेकींना ओलांडतात, तितक्या आणखी. बस. एवढाच नियम. सहा विटांना सुतळ्या पंधरा, ओलांडायच्या जागा पंधरा, आणि पहिली एक. एकतीस. तीन सुतळ्या एकाच जागी ओलांडल्या, की एक जागा दबते, म्हणून माझ्या मापात तीस.

मग तिनं मागं जाऊन पाहिलं. पाच विटा, सुतळ्या दहा, ओलांडायच्या जागा पाच, पहिली एक. सोळा. हर्षा भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "म्हणजे सोळा होते ते दुप्पट म्हणून नव्हते. ते त्यांच्या कारणानं सोळा होते. आपल्याला दुप्पट दिसले." हे ती दोनदा म्हणाली. आई म्हणाली, "आता जेव." पण मी पाहिलं, आईनं स्वतः एक सुतळी उचलून गोलावर टाकली, मनातल्या मनात मोजलं, आणि मान हलवली.

सोमवारी रश्मी मॅडमनी बोलावलं. हर्षा गेली, उभी राहिली. मॅडम म्हणाल्या, "आपने सबके सामने कह दिया, मुझे नहीं मालूम."

"जी."

"हर्षा जी, इतने साल से पढ़ा रही हूँ. मुझसे ये कभी कहा नहीं गया." हर्षाला वाटलं हेच निरोपाचं बोलणं. तर मॅडमनी फोन पुढं केला. पालकांच्या ग्रुपवर रविवारभर गोल, नुसते गोल. ताटावर काढलेले, गच्चीवर काढलेले, अनुपम जींनी तर आपल्या मोटारीच्या धुळीत बोटानं काढला होता आणि खाली लिहिलं होतं, ३१ ही आ रहा है. मॅडमनी कोरा कागद आणि पेन्सिल हर्षाकडं सरकवली. "अब बताइए. मालूम हुआ?"

दोघी बसल्या. घंटी झाली, कोणी उठलं नाही. पाचवीत बिनमॅडमचा वर्ग, पण गोंधळ नाही, चपराशी पाहून आला, म्हणाला, सब फर्श पे बैठे हैं, गोले बना रहे हैं. शेवटी मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली, कागदाकडं पाहात राहिल्या, आणि हर्षाला म्हणाल्या, "अगले साल भी आप ही. उसके आगे भी आप ही. पक्का." बाहेर येऊन हर्षानं मला फोन केला, मला वाटलं पक्क्याचं सांगेल. तिनं पहिलं काय सांगितलं असेल? "अहो, मॅडमला पण समजलं."

तर असं आहे. आता तुम्ही म्हणाल, गोड झालं, सुटलो. कुठं सुटलो? मॅडमनी विचारलं ना, सात विटा ठेवल्या तर आगे क्या आएगा? हर्षानं या वेळी हिशेब करून सांगितलं, सुतळ्या एकवीस, ओलांडायच्या जागा पस्तीस, पहिली एक, सत्तावन्न. पण आता त्या शाळेत कोणी हिशेबावर विश्वास ठेवायला तयार नाही. एकता म्हणाली, "खड़ा करके देखेंगे." अनुपम जी म्हणाले, बिलकुल. सत्तावन्न खोल्यांत आणि सात विटांवर मिळून माणसं लागणार चौसष्ट. वर्गात पोरं अडतीस. म्हणजे सव्वीस कमी.

म्हणून तुम्हाला वंदनेनंतर चहा देऊन बसवून ठेवलं. येत्या रविवारी, सकाळी, शाळेच्या मैदानात. काही करायचं नाही, हर्षा सांगेल त्या खोलीत उभं राहायचं आणि हलायचं नाही. मी तिला म्हटलं होतं, लोकांना कामं असतात, लोक नाही म्हणतील. ती तिकडं दाराशी चपला घालून राहिली आहे. जा, तुम्हीही एकदा तिला नाही म्हणून पाहा.